अंटार्क्टिकातल्या महाकाय हिमनगांचा माग उपग्रहातून कसा काढतात?

प्रश्न असा आहे: "ए२३ए हा हिमनग गोवा राज्यापेक्षा मोठा होता असं वाचलं. एवढी प्रचंड वस्तू उपग्रहातून सहज दिसत असणार. मग तिचा माग काढण्यात अवघड काय? रोज एक फोटो घेतला की झालं ना? आणि हे काम मला घरी बसून करता येईल का?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: हो, करता येईल, आणि एक पैसाही न खर्चता. पहिल्या प्रश्नाला मात्र जरा वेळ द्यावा लागेल.

हिमनग दिसणं हा या कामातला सोपा भाग आहे. आज दिसला तो मागच्या आठवड्यातलाच, हे खात्रीने सांगणं अवघड. मधल्या दिवसांत तो स्वतःभोवती फिरलेला असतो, त्याचा एखादा कोपरा तुटून गेलेला असतो, शेजारी तसलाच दुसरा येऊन ठेपलेला असतो, आणि वरचा बर्फ ओला झाला असेल तर तो चित्रात पार वेगळाच दिसत असतो. या कामातली बहुतेक मेहनत ओळख पटवण्यात जाते. त्यासाठी एक उपग्रह कधीच पुरत नाही.

फोटोपासून सुरुवात करू. नासाच्या टेरा आणि ॲक्वा या उपग्रहांवरचं मोडिस हे उपकरण अंटार्क्टिकाची चित्रं रोज घेतं, २५० मीटरच्या पिक्सेलने. आकाश मोकळं असेल तर ए२३ए एवढ्या हिमनगाचे कोपरे न् कोपरे त्यात मोजता येतात. पण दक्षिण महासागरावर मोकळं आकाश मिळणं ही चैन आहे. ढग दिवसचे दिवस हटत नाहीत. त्यात हिवाळ्यात दक्षिणेकडच्या भागात सूर्यच उगवत नाही, तेव्हा साध्या प्रकाशातलं चित्र निव्वळ काळं येतं. थर्मल इन्फ्रारेडमध्ये अंधारातही काही कळतं, कारण उघडं पाणी आणि बर्फ यांच्या तापमानात फरक असतो. जुलै २०१७ मध्ये लार्सन सी या आइस शेल्फपासून (किनाऱ्याला जोडून समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फाच्या जाड थरापासून) सुमारे ५,८०० चौरस किलोमीटरचा ए६८ सुटला, तो ऐन ध्रुवीय रात्रीत. तो सुटल्याची खातरजमा रडार आणि थर्मल चित्रांवरूनच झाली. पण थर्मललाही ढगापलीकडचं दिसत नाही. म्हणून या कामाचा कणा रडार आहे.

रडारचा उपग्रह स्वतःच सूक्ष्मलहरी सोडतो आणि परत आलेला सिग्नल मोजतो, त्यामुळे त्याला ना उजेड लागतो ना ढगांची अडचण होते. युरोपचा सेंटिनेल-१ हा या कामातला घोडा. त्याची सुमारे ४०० किलोमीटर रुंदीची एक्स्ट्रा वाइड पट्टी ध्रुवीय समुद्रांसाठीच जास्त वापरतात. शांत समुद्रावरून रडारचा सिग्नल पुढेच निघून जातो. रात्री ओल्या डांबरी रस्त्यावर हेडलाइटचा उजेड पुढे सांडतो आणि ड्रायव्हरला रस्ता काळाठिक्कर दिसतो, तसं. हिमनगाचं मात्र उलटं. त्याच्या अंगात साठलेले बर्फाचे वर्षानुवर्षांचे कोरडे थर, हवेचे बुडबुडे, भेगा या सगळ्यांवरून सिग्नल विखुरतो आणि बऱ्यापैकी परत येतो. काळ्या समुद्रात उजळ हिमनग: पाठ्यपुस्तकात हेच चित्र असतं.

प्रत्यक्षात दोन गोष्टी हे चित्र बिघडवतात. एक म्हणजे वारा. समुद्र खवळला की लाटांचा पृष्ठभाग खडबडीत होतो आणि पाणीही उजळ दिसू लागतं. पट्टीच्या ज्या बाजूला रडार जास्त उभं पाहतं तिथे तर फारच. दुसरी म्हणजे उन्हाळा. हिमनगाचा वरचा बर्फ वितळून ओलसर झाला की ते पाणी रडारचा सिग्नल शोषून घेतं आणि कालपर्यंत पांढरा असलेला हिमनग काळा पडतो. डिसेंबर-जानेवारीत, वाऱ्याच्या दिवशी, उजळ समुद्रात काळा हिमनग दिसला तर घाबरू नका, तोच आहे. नवखा माणूस अशा वेळी "हिमनग गायब" अशी नोंद करून मोकळा होतो. संगणकाला "उजळ ते हिमनग" एवढंच शिकवलेलं असेल तर तोही तेच करतो. सेंटिनेलच्या चित्रात एचएच (आडवी लहर सोडून आडवीच मोजणारा) आणि एचव्ही (आडवी सोडून उभी मोजणारा) असे दोन चॅनल मिळतात. वादळी समुद्रात एचव्ही उघडून पाहावा, त्यात लाटांचा गोंगाट कमी असतो.

आता सेंटिनेलची मर्यादा. त्या मालिकेतला एक उपग्रह त्याच मार्गावरून बारा दिवसांनी येतो. ध्रुवाजवळ मार्ग एकमेकांवर येतात म्हणून चित्रं त्याहून लवकर मिळतात, पण सगळीकडे रोज मिळतील याची हमी नाही. मधले दिवस कोण भरतं? इथे स्कॅटरोमीटर येतो. माझ्या मते या विषयातला हा सगळ्यात सुंदर भाग आहे, आणि त्याबद्दल फार कमी लिहिलं जातं.

स्कॅटरोमीटर हे उपकरण मुळात समुद्रावरचा वारा मोजायला बनवलेलं. त्याचा पिक्सेल ढोबळ, साधारण २५ किलोमीटरचा. पण रुंद पट्ट्यात तो जवळपास सगळी पृथ्वी रोज झाडून काढतो. अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठात डेव्हिड लाँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकावर एक पडणाऱ्या अनेक मोजमापांतून जास्त बारीक चित्र उभं करण्याची गणिती पद्धत विकसित केली. तिने हाच डेटा काही किलोमीटरपर्यंत स्पष्ट होतो. एवढ्यात हिमनगाच्या कडा दिसत नाहीत, एक उजळ ठिपका दिसतो. पण तो ठिपका रोज दिसतो.

याचा उपयोग किती, हे १९९९ मध्ये कळलं. थ्वेट्स हिमनदीपासून १९९२ मध्ये सुटलेला बी१०ए हा हिमनग ढग आणि अंधारात निरीक्षकांच्या हातून निसटला होता. जून १९९९ मध्ये नासाचा क्विकस्कॅट उपग्रह वर गेला. जुलैमध्ये त्याच्या अंटार्क्टिकावरच्या अगदी सुरुवातीच्या डेटात हा हिमनग दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका यांच्यामधल्या ड्रेक सामुद्रधुनीत, जहाजांच्या वाटेकडे सरकताना सापडला. वारा मोजायला पाठवलेल्या यंत्राने हरवलेला हिमनग शोधून दिला. तेव्हापासून स्कॅटरोमीटर हिमनगांच्या नित्याच्या कामात रुजला. ब्रिगहॅम यंगची हिमनगांची नोंदवही आज १९७८ च्या सीसॅट या उपग्रहाच्या डेटापर्यंत मागे जाते.

या साखळीत भारताचाही दुवा आहे. क्विकस्कॅटचा फिरता अँटेना नोव्हेंबर २००९ मध्ये थांबला. त्याआधी जेमतेम दोन महिने, २३ सप्टेंबरला, इस्रोचा ओशनसॅट-२ श्रीहरिकोट्याहून सुटला होता आणि त्यावर क्विकस्कॅटच्याच केयू पट्ट्यात (सूक्ष्मलहरींच्या त्याच लांबीत) काम करणारा स्कॅटरोमीटर होता. ब्रिगहॅम यंगच्या नोंदवहीतल्या पुढच्या वर्षांच्या नोंदींत त्याचा डेटा वापरलेला आहे. २०१४ मध्ये तो बंद पडला, २०१६ मध्ये स्कॅटसॅट-१ गेला, २०२२ मध्ये ओशनसॅट-३. आपल्याकडे हे उपग्रह मॉन्सून आणि चक्रीवादळांपुरतेच माहीत असतात.

आता नावांकडे येतो, कारण ओळखीचा कारभार तिथूनच चालतो. अमेरिकेचं नॅशनल आइस सेंटर ही नावं देतं. अंटार्क्टिकाभोवतीचं वर्तुळ चार भागांत कापलेलं आहे. शून्य ते ९० अंश पश्चिम म्हणजे ए, तिथून १८० पर्यंत बी, पुढे सी, आणि ९० अंश पूर्व ते शून्य म्हणजे डी. हिमनग पहिल्यांदा जिथे दिसला त्या भागाचं अक्षर, मग अनुक्रमांक. तुकडा पडला आणि तोही पुरेसा मोठा असला तर मागे आणखी एक अक्षर. नाव मिळायला लांबी किमान १० सागरी मैल, म्हणजे साडेअठरा किलोमीटर, किंवा क्षेत्रफळ २० चौरस सागरी मैल लागतं. अक्षर जन्मस्थान सांगतं, पत्ता नव्हे. डी भागात जन्मलेला हिमनग किनाऱ्याच्या प्रवाहाबरोबर पश्चिमेकडे सरकत ए भागात सापडू शकतो.

यादीत बसण्याएवढा तुकडा नसेल तर त्याला नाव नाही आणि बहुतेक वेळा कुणी त्याच्या मागेही जात नाही. जहाजाला खरा धोका मात्र या बिननावाच्यांचा. वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राच्या मोहिमा दर उन्हाळ्यात मैत्री आणि भारती या तळांकडे जातात. त्यांच्या जहाजावरच्या लोकांना गोव्याएवढ्या हिमनगाची भीती नसते, तो शेकडो किलोमीटरवरून ठाऊक असतो. त्याच्या मागे पसरलेला चुरा टाळणं हे त्यांचं रोजचं काम.

ओळख पटवायची कशी? पहिलं साधन आकार. हिमनगाची बाह्यरेषा हाताने आखायची, क्षेत्रफळ आणि सगळ्यात लांब बाजू मोजायची, आणि एक-दोन खुणा धरून ठेवायच्या: तिरका कापलेला कोपरा, आत वळलेली खाच, सरळसोट लांब कड. अशी खूण हिमनग कितीही फिरला तरी टिकते. दोन चित्रांत क्षेत्रफळ जुळलं पण खाच जुळली नाही, तर मी तो हिमनग "तोच" म्हणून नोंदवत नाही. क्षेत्रफळाचा आकडा फसवतो, खाच सहसा फसवत नाही.

दुसरं साधन म्हणजे तो कुठे असू शकतो याचं ज्ञान. मोठ्या हिमनगाचा बहुतेक भाग पाण्याखाली असतो, म्हणून त्याला वाऱ्यापेक्षा समुद्राचे प्रवाहच जास्त ओढतात. किनाऱ्यालगतचा प्रवाह पश्चिमेकडे जातो. वेडेल समुद्रात तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वळून अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या कडेने उत्तरेकडे येतो आणि तिथून पूर्वेकडे वाहणाऱ्या मोठ्या ध्रुवीय प्रवाहाला मिळतो. वेडेलमधून सुटलेले बहुतेक महाकाय हिमनग याच वाटेने दक्षिण अटलांटिकमधल्या साउथ जॉर्जिया बेटाकडे येतात. जाणकार त्याला हिमनगांची गल्ली म्हणतात. तेव्हा हिमनग आठ दिवस दिसला नाही तर सगळा समुद्र धुंडाळायचा नसतो. या वाटेवर, त्याच्या आधीच्या वेगाने तो कुठवर गेला असेल तेवढाच तुकडा पाहायचा. भोवती समुद्री बर्फ गच्च असेल तर तो त्या बर्फाबरोबरच सरकतो, आणि समुद्रतळाला टेकला असेल तर सरकतच नाही.

ए२३ए चं उदाहरण इथे नीट पाहण्यासारखं आहे. १९८६ मध्ये फिल्श्नर आइस शेल्फपासून सुटला तेव्हा त्याच्या पाठीवर द्रुझ्नाया हा सोव्हिएत तळ होता. तो लगेच वेडेल समुद्रातच तळाला रुतला आणि तीसहून जास्त वर्षं तिथेच बसला. २०२० च्या सुमारास हलू लागला आणि २०२३ च्या अखेरीस अंटार्क्टिक द्वीपकल्पाचं टोक ओलांडून मोकळ्या समुद्रात आला. आणि मग २०२४ मध्ये साउथ ऑर्कनी बेटांच्या उत्तरेला त्याचे अक्षांश-रेखांश बदलायचेच थांबले. फक्त यादी पाहणाऱ्याला वाटावं की पुन्हा रुतला. पण नकाशात त्या जागी पाणी त्याच्या तळापेक्षा कितीतरी खोल होतं.

चित्रं एकापुढे एक लावली तेव्हा उत्तर सापडलं: तो जागच्या जागी फिरत होता. खाली पिरी बँक नावाचा समुद्रतळाचा उंचवटा आहे. प्रवाह अशा उंचवट्यावर आला की त्याच्या वर पाण्याचा एक गोल फिरणारा स्तंभ तयार होतो. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ जी. आय. टेलर यांनी शंभरएक वर्षांपूर्वी हे दाखवून दिलं, म्हणून त्याला टेलर स्तंभ म्हणतात. हिमनग त्या स्तंभात अडकला आणि घड्याळाच्या उलट दिशेने रोज सुमारे १५ अंश फिरत राहिला. आता हिशेब करा. बारा दिवसांनी येणारं चित्रच फक्त तुमच्याकडे असेल तर दोन चित्रांत तो बरोबर अर्धा फेरा फिरलेला दिसेल, आणि डावीकडून फिरला की उजवीकडून हे सांगताच येणार नाही. चोवीस दिवसांच्या अंतराने पाहिलंत तर तो हललाच नाही असं वाटेल. म्हणून मी केंद्रबिंदूबरोबर लांब बाजूची दिशाही प्रत्येक नोंदीत लिहितो. यादीत असा रकाना सहसा नसतो, पण असायला हवा असं माझं ठाम मत आहे.

त्या वर्षाच्या डिसेंबरमध्ये तो स्तंभातून सुटला, मार्च २०२५ मध्ये साउथ जॉर्जियाच्या उथळ कडेला टेकला, मे महिन्यापर्यंत पुन्हा निघाला आणि सप्टेंबरपर्यंत फुटून निम्म्याहून कमी उरला. फुटण्याच्या काळात एक फसवणूक नेहमी होते. मोठा तुकडा एका बाजूने तुटला की उरलेल्या भागाचा केंद्रबिंदू दुसऱ्या बाजूला सरकतो. हिमनग तसूभर हललेला नसतो आणि तक्त्यात मात्र एका दिवसात कित्येक किलोमीटरची उडी दिसते. तुटण्याच्या दिवशी नवी नोंदमालिका सुरू करावी, जुनीला जोडू नये.

जाडीचं थोडक्यात. क्रायोसॅट-२ चं रडार आणि आइससॅट-२ चा लेझर हिमनगाचा माथा समुद्रावर किती उंच आहे ते मोजतात, आणि बर्फाच्या व पाण्याच्या घनतेवरून एकूण जाडी काढता येते. पण हे उपग्रह हिमनगावरून एका रेषेत जातात. आजची रेषा उत्तर टोकावरून गेली आणि महिन्याभरापूर्वीची मधून, तर दोन आकड्यांतला फरक वितळण्याचा की जागेचा? ते कळायला त्या दिवशीची बाह्यरेषा फिरवून जुन्या रेषेवर बसवावी लागते, म्हणजे पुन्हा ओळखच. ए६८ए चं काम असंच झालं. सुरुवातीला सरासरी २३५ मीटर जाड असलेला तो हिमनग साडेतीन वर्षांत सुमारे ६७ मीटरने पातळ झाला. २०२०-२१ मध्ये साउथ जॉर्जियाजवळच्या तीन महिन्यांतच त्यातून सुमारे १५२ अब्ज टन गोडं पाणी समुद्रात गेलं. बेटाभोवती पेंग्विन आणि सील ज्या पाण्यात अन्न शोधतात त्यातच हे गोडं पाणी मिसळलं, म्हणून हा आकडा महत्त्वाचा.

आता घरी बसून करण्याबद्दल. रोजची मोडिस चित्रं नासाच्या वर्ल्डव्ह्यूवर ब्राउझरमध्येच दिसतात. सेंटिनेल-१ चा डेटा कोपर्निकस डेटा स्पेसवर खातं उघडून मोफत मिळतो, तो स्नॅप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडतो, आणि नकाशा क्यूजीआयएस या मोफत नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये करता येतो. नॉर्वेच्या ध्रुवीय संस्थेचं क्वांटार्क्टिका हे तयार पॅकेज घेतलंत तर किनारा, आइस शेल्फ, समुद्राची खोली सगळं आधीच लावलेलं मिळेल. आणि निसारकडे लक्ष ठेवा. जुलै २०२५ मध्ये श्रीहरिकोट्याहून गेलेला हा इस्रो-नासाचा उपग्रह डावीकडे पाहणारा आहे, त्यामुळे त्याला अंटार्क्टिकाचा आतला भाग चांगला दिसतो, आणि त्याच्या एल आणि एस पट्ट्यांतल्या लहरी सेंटिनेलच्या सी पट्ट्यापेक्षा कोरड्या बर्फात जास्त खोल जातात.

दोन खड्डे मात्र आधीच दाखवून ठेवतो. अंटार्क्टिकाच्या नकाशाचं नेहमीचं प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची पद्धत), ईपीएसजी ३०३१, हे ७१ अंश दक्षिणेला बरोबर माप देतं. तिथून उत्तरेकडे आलं की सगळं फुगतं. साउथ जॉर्जियाच्या, म्हणजे ५५ अंशांच्या आसपास क्षेत्रफळ सुमारे १४ टक्के जास्त येतं. तुमचा हिमनग वितळत वितळत उत्तरेकडे येईल आणि तुमच्या तक्त्यात तो वाढत जाईल. क्यूजीआयएसमध्ये लंबगोलावरचं, म्हणजे पृथ्वीचा खरा आकार धरणारं, माप चालू ठेवा, नाहीतर क्षेत्रफळ बरोबर राखणारं समक्षेत्र प्रक्षेपण घ्या. दुसरं म्हणजे रेखांश. विषुववृत्तावर एक अंश सुमारे १११ किलोमीटरचा, ६० अंशांवर त्याच्या निम्मा, ७५ अंशांवर जेमतेम २९ किलोमीटरचा. अंशांची थेट वजाबाकी करून वेग काढू नका.

पहिला हिमनग म्हणून हलणारा घेऊ नका. ए२३ए फुटल्यावर डी१५ए सगळ्यात मोठा ठरला. डेव्हिस या ऑस्ट्रेलियन तळाच्या बाजूच्या किनाऱ्यालगत तो बराच काळ स्थिर आहे, आपल्या भारती तळाच्याच अंगाला. २०२५ च्या हिवाळ्यातली त्याची एकेका आठवड्याच्या अंतराची चित्रं घ्या, बाह्यरेषा आखा, केंद्रबिंदू, क्षेत्रफळ आणि लांब बाजूची दिशा काढा. तो हललेला नाही, त्यामुळे तक्त्यात जे हलताना दिसेल ती तुमच्या हाताची चूक. ती किती मीटर आणि किती टक्के आहे ते लिहून ठेवा. मग २०२४ च्या एप्रिलपासूनची ए२३ए ची चित्रं उघडा, त्यातलं फिरणं मोजा आणि दर दिवशी १५ अंश येतात का ते पाहा. आले नाहीत तर आधी तारखांबरोबर चित्र घेतल्याची वेळही धरली होती का ते तपासा, आणि मग कोपऱ्याची खूण प्रत्येक चित्रात तीच धरली होती का ते.